जीवाश्म कोळंबी कशी ओळखावी: खंड, कडा आणि नांग्या

जीवाश्म कोळंबीची पाटी समोर आली की पाहणाऱ्याची नजर प्रथम डोक्यापुढच्या करवती काट्याकडे, लांबलचक मिशांकडे आणि वाकलेल्या पोटाकडे जाते. एवढे पाहून ‘ही कोळंबीच’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण या गोष्टी कोणत्याही एका गटाच्या मालकीच्या नाहीत. पाठीवर कवच, देठावरचे डोळे, चपटे शल्क असलेल्या शृंगिका, स्नायूंनी भरलेले लांब पोट आणि शेवटी शेपटीचा पंखा अशी जी एकंदर ठेवण असते, तिला ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ विल्यम कॅलमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘कॅरिडॉइड’ रूप असे नाव दिले, आणि ती खऱ्या कोळंब्यांप्रमाणेच मायसिडांसारख्या (कोळंबीसारखे दिसणारे लहान कवचधारी) दूरच्या नातलगांतही आढळते. म्हणून वर्गीकरण करताना एकूण रूपापेक्षा मोजता येणाऱ्या गोष्टींवर भिस्त ठेवावी: पोटाचे खंड किती आहेत, कोणत्या खंडाची कड कोणत्या खंडावर चढली आहे आणि नांग्या नेमक्या कोणत्या पायांवर आहेत. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की उरलेले काम पुष्कळ हलके होते. ती मिळाली नाहीत, तर काटा कितीही सुंदर टिकलेला असला तरी नाव पुढे रेटू नये, असे माझे ठाम मत आहे.

या लेखातील उदाहरणे मुख्यतः जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातल्या झोल्नहोफेन आणि आइखश्टेट परिसरातील चुनखडकाची आहेत. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे ज्युरासिक कालखंडाच्या उत्तरार्धात, तेथे उथळ, उष्ण समुद्र होता आणि त्यातल्या बंदिस्त खाजणांच्या तळाशी पाणी इतके खारट व प्राणवायूविना साचलेले असे, की तळाला गेलेल्या मृत प्राण्याला उकरणारे किंवा कुरतडणारे फारसे कोणी उरत नसे. त्याच बारीक पोताच्या दगडावर पुढे शिळाछापाची कला उभी राहिली आणि त्याच थरांत आर्किऑप्टेरिक्स हा पिसांचा आद्यपक्षी सापडला. कोळंबीच्या दृष्टीने हा बारीक पोत फार मोलाचा आहे, कारण खेकड्याच्या तुलनेत तिच्या कवचात चुना कमी असतो आणि ते पातळ असते. सामान्य वाळूच्या किंवा चिखलाच्या थरांत ते बहुधा विरून जाते. कोळंबीचे चांगले जीवाश्म जगातल्या मोजक्याच ठिकाणी मिळतात ते यामुळेच: फ्रान्समधील ला व्हुल्त, लेबनॉनमधील हाकेल, चीनच्या युनान प्रांतातील लुओपिंग ही त्यांपैकी काही नावे. महाराष्ट्रातील वाचकांनी दख्खनच्या बेसाल्टमध्ये असा शोध घेण्यात वेळ घालवू नये. तिथल्या लाव्हाच्या थरांमधल्या तळ्यांच्या गाळात कवचधारींपैकी ऑस्ट्राकॉड हे सूक्ष्म जीव सापडतात. समुद्री कोळंबी नव्हे.

आधी ताजी कोळंबी

जीवाश्माकडे वळण्यापूर्वी बाजारातून डोक्यासकट, न सोललेली मोठी समुद्री कोळंबी आणावी आणि ती ताटात एका कुशीवर ठेवून भिंगाखाली पाहावी. झोल्नहोफेनच्या पाटीवरही ती बहुधा कुशीवरच पडलेली असते, कारण तिचे शरीर बाजूंनी चपटे असते. त्यामुळे हा सराव थेट उपयोगी पडतो. डोके आणि छाती एकाच अखंड कवचाखाली असतात, आणि या भागाला शिरोवक्ष म्हणतात. कवच उचलून पाहिले तरी खालचे खंड सुटे दिसत नाहीत. ते मोजायचे उपांगांवरून. डोक्याचे पाच खंड असतात आणि त्यांच्या पाच जोड्या अशा: आखूड शृंगिका, लांब शृंगिका, जबडा आणि जंभिकांच्या दोन जोड्या. छातीचे खंड आठ असतात. त्यांपैकी पहिल्या तिन्हींची उपांगे तोंडाच्या कामी येतात, त्यांना जंभपाद म्हणतात, आणि उरलेल्या पाच जोड्या म्हणजे चालण्याचे दहा पाय. या गणाला दशपाद म्हणतात ते या पायांमुळे. त्यामागे पोटाचे सहा खंड येतात. पहिल्या पाचांखाली पोहण्याचे पाय, सहाव्याला पुच्छपादांची जोडी, आणि अगदी शेवटी मधोमध टोकदार पुच्छखंड. पुच्छपाद आणि पुच्छखंड मिळून शेपटीचा पंखा होतो.

कोळंबी साफ करताना आपण पाठीतून जो काळा दोरा ओढून काढतो, ती आतड्याची नळी. जीवाश्मातही कित्येकदा पोटाच्या वरच्या कडेने ती एका गडद रेघेच्या रूपाने दिसते. ही रेघ सापडली की पाठ कोणती आणि पोट कोणते हे निश्चित होते, आणि पाय तुटलेल्या नमुन्यात ही खूण सोन्यासारखी असते.

आता पोटाच्या खंडांच्या बाजूंना खाली लोंबणाऱ्या पट्ट्या पाहाव्यात. समुद्री कोळंबीत, मग ती पांढरी असो वा टायगर, पहिल्या खंडाची पट्टी दुसऱ्याच्या पुढच्या कडेवर चढलेली असते, दुसऱ्याची तिसऱ्यावर, आणि असेच क्रमाने मागे, छपरावरच्या कौलांप्रमाणे. यानंतर गोड्या पाण्यातला झिंगा घ्यावा. विदर्भातल्या तलावांतले झिंगे चालतील, किंवा व्यापारात स्कॅम्पी म्हणून विकला जाणारा मोठा, निळ्या नांग्यांचा झिंगाही चालेल. याच्या पोटावर हा क्रम मोडलेला दिसतो: दुसऱ्या खंडाची पट्टी रुंद, गोलसर असते आणि ती पुढे पहिल्यावर व मागे तिसऱ्यावर, अशी दोन्हीकडे चढलेली असते. दोन्ही प्राणी शेजारी ठेवून ही एक गोष्ट बोटाने चाचपून पाहिली की ती पुन्हा विसरत नाही.

या दोन पट्ट्यांच्या मांडणीमागे मोठा फरक दडलेला आहे. समुद्री कोळंबी डेंड्रोब्रँकिएटा या उपगणातली. तिचे कल्ले झाडासारखे फांद्याफांद्यांचे असतात आणि ती अंडी थेट पाण्यात सोडते. झिंगा कॅरिडिया या गटातला, आणि कॅरिडिया हा प्लिओसायमाटा या दुसऱ्या उपगणाचा भाग; त्यातल्या माद्या अंडी पोटाखालच्या पायांना चिकटवून वाहतात. दशपादांची ही दोन उपगणांतली विभागणी मार्टिन बर्कनरोड यांनी १९६३ मध्ये मांडली. खेकडे आणि शेवंडीही प्लिओसायमाटातच मोडतात, म्हणजे आपल्या पानातला झिंगा हा नात्याने कोळंबीपेक्षा खेकड्याला जवळचा आहे. जीवाश्मात कल्ले क्वचितच टिकतात आणि अंडी त्याहून क्वचित. म्हणून दगडावर काम करणाऱ्याला कल्ल्यांऐवजी पट्ट्यांवर आणि पायांवर विसंबावे लागते.

पायांचा नियम असा. डेंड्रोब्रँकिएटात चालण्याच्या पायांच्या पहिल्या तिन्ही जोड्यांना नांग्या असतात आणि त्या साधारण सारख्या आकाराच्या, लहानखुऱ्या असतात. कॅरिडियात तिसऱ्या जोडीला नांगी कधीच नसते. पहिल्या दोन जोड्यांना बहुधा असते. तिसरा एक लहान गट, स्टेनोपोडिडिया, यात तिन्ही जोड्यांना नांग्या असतात, पण तिसरी जोडी इतर दोन्हींपेक्षा ठळकपणे मोठी असते. चालण्याच्या दहा पायांच्या गणतीला अपवाद आपल्या घरातच आहे: जवळा. तो डेंड्रोब्रँकिएटातलाच, पण सर्जेस्टिड कुळातला, आणि त्याच्या चालण्याच्या पायांच्या शेवटच्या दोन जोड्या मुळातच नसतात. तेव्हा जीवाश्मात मागचे पाय दिसले नाहीत, तर ते तुटले की नव्हतेच, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारावा.

पाटी कशी वाचावी

साधने फार लागत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरची पट्टी, हलवता येणारा दिवा, पारदर्शक कागद आणि टोकदार पेन्सिल एवढ्यावर बहुतेक काम होते. दिवा सर्वांत महत्त्वाचा. वरून सरळ पडणाऱ्या प्रकाशात पोटाच्या पट्ट्यांच्या कडा सपाट होऊन नाहीशा होतात. तोच दिवा पाटीच्या पातळीपासून अगदी खाली, तिरका धरला की कडेमागे बारीक सावली पडते आणि कोण कोणावर चढले आहे ते उमगते. दिवा चारही दिशांनी फिरवून पाहावे. छायाचित्र घेताना मात्र प्रकाश डाव्या वरच्या कोपऱ्यातून ठेवावा. आपल्या डोळ्यांना उंचवटा आणि खळगा ओळखण्याची सवय तशाच प्रकाशाची असते.

खडक फुटताना जीवाश्म बहुधा दोन पाट्यांत विभागला जातो: एकीवर प्राणी, दुसरीवर त्याचा छाप. छापावर उंच कडा खोल दिसतात आणि डावी कूस उजवीसारखी दिसते. दुसऱ्या खंडाची पट्टी चढलेली आहे की दबलेली, हा निर्णय वर्गीकरणाचा कणा असल्यामुळे हाती मूळ आहे की छाप, हे आधी ठरवणे अत्यावश्यक आहे. शक्य असेल तर दोन्ही पाट्या एकत्र पाहाव्यात.

त्यानंतर खंड मोजायला सुरुवात शेपटीकडून करावी. डोक्याकडून मोजू लागले तर पहिला खंड अनेकदा कवचाच्या मागच्या कडेखाली अर्धा झाकलेला असतो आणि तो नजरेतून सुटतो; पाच मोजून माणूस मोकळा होतो. उलट सहावा खंड सहज ओळखू येतो, कारण तो इतरांपेक्षा बहुधा लांब असतो आणि पुच्छपाद त्यालाच जोडलेले असतात. तिथून सहा, पाच, चार असे पुढे यावे आणि प्रत्येक सांध्यावर कागदावर खूण करावी. मी प्रत्येक नमुन्याचे रेखाचित्र हाताने काढण्याचा आग्रह धरतो, कारण रेघ ओढताना ती कुठे संपते हे हाताला ठरवावेच लागते; छायाचित्र तो निर्णय पुढे ढकलू देते.

हाती आलेले शव आहे की टाकलेली कात, हेही पाहावे. कोळंबी कात टाकते तेव्हा कवच आणि पोट यांच्यामधल्या सांध्यातून बाहेर पडते. त्यामुळे कातीत कवच पोटापासून सरकलेले, उचललेले किंवा उलटे झालेले आढळते. आतड्याची रेघ किंवा स्नायूंचे तंतू दिसले, तर ते शव. मऊ स्नायू दगडात कसे टिकतात याचे उत्तर डेरेक ब्रिग्ज आणि अमांडा किअर यांनी कोळंब्या प्रयोगशाळेत कुजवून शोधले. त्यांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्राणवायू कमी असलेल्या बंदिस्त पाण्यात स्नायूंची जागा कॅल्शियम फॉस्फेट काही आठवड्यांतच घेऊ शकते, असे त्यात दिसले. त्याच प्रयोगांमुळे हेही ध्यानात येते की कुजताना शरीर वाकते, सांधे सैल होतात आणि खंड एकमेकांपासून दूर जातात. म्हणून पोटाचा बाक हे लक्षण म्हणून वापरताना हात आखडता घ्यावा. जिवंत कॅरिडियांत तिसऱ्या खंडाजवळ पोट अनेकदा ठळकपणे वाकलेले असते हे खरे. पण दगडातला बाक जिवंतपणीचा की कुजण्याचा, हे केवळ आकारावरून सांगता येत नाही.

या पद्धतीने झोल्नहोफेनचा एक नमुनेदार प्राणी, ईजर टिप्युलॅरियस, पाहू. तो कुशीवर पडलेला आहे. शेपटीकडून मोजता सहा खंड भरतात. तिरक्या प्रकाशात दुसऱ्या खंडाची पट्टी पहिल्याच्या खाली गेलेली दिसते, म्हणजे कॅरिडिया बाद. पहिल्या तिन्ही पायांच्या टोकांशी सडपातळ नांग्या आहेत आणि तिसरी जोडी राक्षसी नाही, म्हणजे स्टेनोपोडिडियाही बाद. उरला डेंड्रोब्रँकिएटा. आता तोंडाखालून पुढे आलेल्या एका लांब उपांगाकडे पाहावे. नवख्या माणसाला तो चालण्याचा पाय वाटतो आणि मग पायांची गणती एकाने चुकते. नीट पाहिले तर त्याच्या टोकाला नांगी नाही, आणि त्याच्या लांबीभर लांब, बारीक, सांध्यावर हलणाऱ्या काट्यांच्या रांगा आहेत. हा तिसरा जंभपाद, आणि त्याची ही लांबी व हे काटे ईजर वंशाची सर्वांत भरवशाची खूण आहेत. या प्राण्याचे नाव श्लोटहाइम यांनी १८२२ मध्ये दिले. ईजर हा वंश ग्राफ त्सू म्युन्स्टर यांनी १८३९ मध्ये स्थापला. झोल्नहोफेनच्या कोळंब्यांपैकी बऱ्याच वंशांची नावे म्युन्स्टर यांच्या त्याच ग्रंथातली आहेत.

तिथेच सापडणारा अँट्रिम्पोस स्पेशिओसस मात्र बाजारातल्या कोळंबीशी इतका मिळताजुळता आहे, की त्याचा जंभपाद तपासल्यावर तो ईजर नाही एवढे ठरते आणि पुढची सगळी मदार कवचावरच्या बारीकसारीक तपशिलांवर येते. या टप्प्यावर करवती काटा खरोखर कामाचा ठरतो: वरच्या कडेला दात किती, खालच्या कडेला आहेत की नाहीत, त्यांतले किती डोळ्याच्या खोबणीच्या मागे कवचावर येतात. त्याचबरोबर कवचावरची मानेची खाच, यकृताजवळचा काटा आणि शृंगिकेजवळचा काटाही नोंदवावा. दात मोजताना तुटलेल्या टोकाचा हिशेब वेगळा लिहावा. ‘सात दिसतात, टोक नाही’ ही नोंद प्रामाणिक असते आणि ‘सात’ ही नसते.

कोळंबीसारखे दिसणारे

त्याच खडकात स्कल्डा हा प्राणीही मिळतो. तो स्टोमॅटोपॉड, म्हणजे मँटिस श्रिंपांच्या गटातला. त्याचे कवच आखूड असते, छातीचे मागचे खंड उघडे राहतात आणि नांगीऐवजी घडी घालून झेपावणारा शिकारी पाय असतो. मायसिडांच्या पायांना खऱ्या नांग्या नसतात. थायलॅकोसेफॅला हा पूर्णपणे लुप्त झालेला गट. त्यात जवळपास सगळे शरीर एका ढालीसारख्या कवचात बंद असते आणि पुढे प्रचंड डोळे दिसतात.

अधिक जुन्या खडकांत फायलोकॅरिड, म्हणजे कवचधारींचा आणखी एक गट, भेटतो. स्कॉटलंडच्या सिल्युरियन थरांतला सेराटिओकॅरिस पहिल्या नजरेत कोळंबीच वाटतो. पण पोटाचे खंड सात भरतात, कवच दोन शकलांचे असते आणि शेपटीला पंख्याऐवजी तीन लांब काटे असतात. सहा की सात, एवढ्या एका गणतीने येथे मोठी चूक टळते. स्कॉटलंडच्याच कार्बॉनिफेरस थरांतल्या टीलिओकॅरिसचे स्थान मात्र इतक्या सहज सुटणारे नाही. त्याला दशपादांत घ्यावे की नाही यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि अशा ठिकाणी दोन्ही मते नोंदवून थांबणे हेच योग्य.

रूपावर विसंबण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण कॅनडातले आहे. जोसेफ व्हाइटिव्ह्ज यांनी १८९२ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील माउंट स्टीफन येथील एका जीवाश्माचे ॲनोमॅलोकॅरिस असे नाव ठेवले आणि ते डोके नसलेल्या कोळंबीसारख्या प्राण्याचे धड मानले. खंड होते, खालच्या बाजूला काटे होते, बाकही होता. पण त्यात आतड्याचा माग नव्हता आणि ज्यांना पाय मानले ते सांधेदार नव्हते. १९८५ मध्ये हॅरी व्हिटिंग्टन आणि डेरेक ब्रिग्ज यांनी दाखवले की ते धड नसून एका फार मोठ्या शिकारी प्राण्याचे तोंडापुढचे पकडण्याचे उपांग आहे. जवळपास शंभर वर्षे एका अवयवाला अख्खा प्राणी समजले गेले.

खऱ्या कोळंब्यांचा इतिहास डेव्होनियन कालखंडापर्यंत मागे जातो. अमेरिकेतील ओक्लाहोमातून मिळालेल्या सुमारे ३६ कोटी वर्षे जुन्या ॲसिक्युलोपोडा मॅपेसी या प्राण्याचे वर्णन रॉडनी फेल्डमन आणि कॅरी श्वाइत्झर यांनी २०१० मध्ये केले, आणि त्यात स्नायूही टिकलेले आहेत. पुढे ट्रायासिकपासून नमुने वाढतात. ईजर वंशच लुओपिंगच्या मध्य ट्रायासिक थरांत आहे आणि लेबनॉनच्या क्रिटेशियस थरांतही आहे. म्हणून केवळ खडकाच्या वयावरून वंश ठरवू नये, किंवा वंशावरून वय.

खरेदी, खाण आणि चिठ्ठी

आइखश्टेटजवळच्या ब्लूमेनबर्ग येथे हौशी लोकांना हातोडी-छिन्नी घेऊन पाट्या फोडता येतात. तिथे जाणाऱ्याने कोळंबीची आशा जरूर ठेवावी, पण बहुतेकांच्या हाती साकोकोमा हा लहानसा तरंगणारा सागरी लिलीचा नातलगच येतो. नमुना विकत घेत असाल, तर आधी अतिनील दिव्याखाली पाहण्याची परवानगी मागावी. झोल्नहोफेनच्या जीवाश्मांतले फॉस्फेट त्या प्रकाशात चमकते, तर रंगाने लांबवलेल्या शृंगिका, डिंकाने जोडलेले पाय आणि कोरून काढलेले दात वेगळे दिसतात. विक्रेत्याने अशी डागडुजी आधीच सांगितली असेल तर नमुना वाईट ठरत नाही. मात्र त्या भागांवरून एकही लक्षण नोंदवू नये.

शेवटी चिठ्ठी. ठिकाण, शक्य असल्यास खाण आणि थर, मूळ पाटी की छाप, शव की कात, मग नाव. नाव लक्षणे जिथवर नेतील तिथवरच लिहावे. दुसऱ्या खंडाची कड आणि नांग्या दिसल्या, पण जंभपाद व काटा गेले असतील, तर ‘डेंड्रोब्रँकिएटा, कुळ अनिश्चित’ हे पूर्ण उत्तर आहे. वंश नक्की आणि जाती संदिग्ध असेल, तर वंशाच्या नावापुढे फक्त ‘जाती अनिश्चित’ असे लिहावे. जाती जवळची वाटते पण खात्री नसेल, तर ‘तुलना करावी’ या अर्थाचा प्रचलित संक्षेप (cf.) लावावा. अँट्रिम्पोसच्या बाबतीत ही शिस्त विशेष पाळावी. गेल्या दोन शतकांत जगभरातल्या मध्यजीव महाकल्पातल्या (ट्रायासिक ते क्रिटेशियस) कितीतरी साध्यासुध्या कोळंब्या या एकाच नावाखाली टाकल्या गेल्या आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकीची पुन्हा तपासणी करणाऱ्याला जुन्या चिठ्ठीवरचा ‘टोक नाही’ हा शेरा नावापेक्षा जास्त उपयोगी पडतो.